बिडी विझेपर्यंत

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि त्यात खोटं काही नाही. मला थांबताच येत नाही. दूध गरम आहे असं सांगितलं तरी तोंड भाजून घ्यायचं. मास्तरांचं गणित सांगून व्हायच्या आत उत्तर ओरडायचं, तेही चुकीचं. नळावर कुणी मध्येच घुसलं की ढकलून द्यायचं, आणि ते रडायला लागलं की त्याच्याहून मोठ्यानं आपणच रडायचं. आता वय झालं, गुडघे गेले, पण हे काही गेलं नाही. परवाच गॅसची टाकी आणणाऱ्याला मी असं काही बोलले की सून उठून आतल्या खोलीत जाऊन बसली.

नेपानगरकडच्या आमच्या लालबागेत या स्वभावाचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणे अर्धवट डोहाळ्याची पोर. पोटुशी बाईला जे खावंसं वाटेल ते द्यावं, नाहीतर पोराची लाळ गळते, पोर हावरं आणि हट्टी निघतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. कुणी कैरी मागतं, कुणी चुलीची माती. माझ्या आईनं बिडी मागितली होती. ती तिला सहा-सात महिने मिळाली आणि मग बंद झाली, म्हणून मी ही अशी.

एका आखाजीला पितरांसाठी वाढलेलं पान मी नैवेद्य दाखवायच्या आधीच खायला बसले होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे मोठा सण. घागर भरलेली, आमरस काढलेला, मांडे झालेले, घर उपाशी बसलेलं, आणि मी कोपऱ्यात कोपरापर्यंत रसात. शेजारणी म्हणाल्या, "माय वं! पितरं उपाशी आणि ही जेवली!" मला मारायला माझी फुई धावली खरी, पण जवळ आल्यावर तिचा हात खाली आला. "हिचा काय दोष?" ती म्हणाली. "आपणच हिले पोटात असताना अर्धं ठेवलं." आणि तिनं मला आणखी एक मांडा वाढला. मी तोही खाल्ला.

फुई म्हणजे माझी आत्या. वडिलांची मोठी बहीण. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. मूलबाळ नाही. आजोबा-आजी मी पाहिले नाहीत. माझ्या आठवणीत घर आणि शेत दोन्ही फुईच्याच हातात होतं. माझ्या वडिलांना शेतीत गती नव्हती, ते स्वतःच सांगायचे. नेपानगरची कागदाची गिरणी उभी राहत होती तेव्हा ते तिकडे कामाला लागले आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखे घरी यायला लागले. त्याच सुमारास मास्तरांनी वर्गात सांगितलं की आता आपली राजधानी नागपूर नाही, भोपाळ. मी हात वर न करताच विचारलं, "मग आपण मराठी बोलायचं का नाही?" मास्तरांनी मला बाकावर उभं केलं. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

शेत लालबागच्या पुढे होतं. विहिरीच्या बाजूनं केळी आणि बाकी सगळा कापूस. वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस बायका लागायच्या आणि त्यांच्यात माझी आईही असायची, कारण फुईचा कायदा घरच्या बाईला आणि रोजंदारीच्या बाईला एकच. कमरेला ओटी बांधायची, वाकायचं आणि वेचत जायचं. ओटी भरली की ढिगावर रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं. मध्ये बसायचं ते फक्त बिडीसाठी. फुई स्वतः बिडी ओढायची, म्हणून तिला बिडीवालीची तल्लफ कळत होती. तिनं बांधावर बसून काडी ओढली की ज्या बिडी ओढतात त्यांनीही बसायचं, पेटवायची, आणि बिडी विझली की उठायचं. ज्या ओढत नाहीत त्यांना बसायचं काय कारण? त्या वेचत राहायच्या. कुणी नुसतीच बसलेली दिसली की फुईचा आवाज पार विहिरीपर्यंत जायचा, "काय वं, कंबर काय मोडली? का माहेर समजून राहिली?"

म्हणून आमच्या शेतावर येणाऱ्या बायका वर्षा-दोन वर्षांत बिडी ओढायला शिकायच्याच. मला तेव्हा वाटायचं, बाईमाणूस मोठं झालं की बिडी येतेच, जशी मिशी बाप्यांना येते.

मी नऊ वर्षांची असताना आईला पुन्हा दिवस गेले. मधल्या वर्षांत तिचं एकदा पोट पडलं होतं. ते कसं, कशानं, मला कुणी सांगितलं नाही, पण त्याचं कारणही फुईनं ठरवून टाकलेलं होतं: त्या वेळी आईनं काही मागितलंच नव्हतं, तोंड मिटून राहिली, डोहाळे पोटातच मेले आणि पोरही. आता या खेपेला फुईनं चंगच बांधला. एक दिवस बाजारातून आली ती पदरात बिडीची बंडलं घेऊन. चांगली, तेंदूच्या कोवळ्या पानाची, ती स्वतःसाठीसुद्धा घ्यायची नाही अशी. आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे घे माय. ह्या खेपेले पुरे करू. एक कमी पडू देणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. फुईच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी फक्त चुलीपुढे पाहिलेलं.

आईनं ती बंडलं डोक्याला लावली आणि फळीवर ठेवली. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. आनंद झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

मग नर्सबाई आली. नव्या राज्यात कुठून कुठून माणसं कुठे कुठे नेमली जात होती, तशी ही जबलपूरकडून आमच्याकडे आलेली. पांढरं लुगडं, हातात पेटी, बोलणं सगळं हिंदी. ती घरोघर जाऊन पोटुशा बायकांना बघायची. फुई बाजारात गेलेली होती. नर्सबाईनं आईचं पोट तपासलं, डोळ्यांखालची पापणी ओढून पाहिली, आणि तिची नजर फळीवर गेली.

"बीड़ी कौन पीता है?"

मी सांगून टाकलं, "आई! तिला डोहाळे आहेत."

नर्सबाई रागावली नाही. ओट्यावर आईच्या शेजारी बसली. म्हणाली, "देखो बहन, धुआँ तुम पीती हो तो पेट में वो भी पीता है. मैंने बीड़ीवालियों के बच्चे बहुत उतारे हैं. इत्ते-इत्ते से निकलते हैं." तिनं दोन्ही हात जवळ आणून दाखवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "ये कैसी हुई थी?"

मी बारीकच झाले होते. आईला आठवत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मग जे बोलली ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. म्हणाली, "बाई, मले बिडीचे डोहाळे कधी लागलेच नाही. ना हिच्या वेळी, ना आता. मले बैठना था. कमर इतनी दुखती थी की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आमच्या शेतात बिडीशिवाय बसता येत नाही. तर म्हटलं, डोहाळे लागले म्हणून सांगते. डोहाळ्याले कोणी नाही म्हणत नाही."

माझ्या वेळी ती माहेरी बाळंतपणाला गेली तेव्हा तिच्या वडिलांनी बिडी बंद करवली. तिला काहीच वाटलं नाही, उलट सुटका झाली. माहेरी दिवसभर बसायलाच होतं. इकडे फुई मात्र ऐकून हळहळली की डोहाळा अर्धा तुटला. आणि पोट पडलं त्या खेपेला आईनं बिडीचं नाव काढलं नव्हतं. मळमळायचं म्हणून. म्हणजे त्या वेळी ती बसलीच नव्हती.

"तो बैठ जाइए न," नर्सबाई म्हणाली. "बिना बीड़ी के बैठ जाइए."

आई हसली. तिला जबलपूरच्या माणसाला आमचं शेत समजावून सांगता येईना. नर्सबाई गेल्यावर आईनं माझा हात धरला. "हे फुईले सांगायचं नाही. ती नऊ वर्षं तुझ्यासाठी जीव जाळते. तिले वाटंल, मी तिले फसवलं. सांगणार नाही ना?" मी मान डोलावली. आता मला कुणी गुपित सांगायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं, पण तिला दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटली की शेतावर जायला लागले आणि आईकडे बघत बसायला लागले. तिनं एक युक्ती काढली होती. फुईबरोबर ती बसायची, बिडी पेटवायची आणि नुसती हातात धरायची. पण बिडी ही काही उदबत्ती नाही. ओढली नाही तर विझते. आईची दोन मिनिटांत विझायची, आणि विझली की उठायचं. म्हणून ती मग ओढायची, धूर तोंडातल्या तोंडात ठेवायची आणि सोडून द्यायची. कधी चुकून आत जायचा. मग खोकायची आणि दुसरा हात पोटावर ठेवायची. एका बाजूला कंबर आणि दुसऱ्या बाजूला पोटातलं पोर. बसावं तर त्याला धूर, उठावं तर त्याच्या जिवाला धोका. मला नऊ वर्षांच्या पोरीला हे कळत होतं आणि एवढ्या मोठ्या फुईला कळत नव्हतं, याचा मला असा संताप यायचा की मी ढेकळं फोडत बसायची.

किती दिवस मी गप्प राहिले सांगता येत नाही. माझ्या मानानं पुष्कळ.

तो दिवस उन्हाचा होता. कापूस चांगला फुटला होता आणि फुईला घाई होती. बायका बांधावर बसल्या. आईनं बिडी पेटवली, एक झुरका घेतला, तिला उमासा आला आणि तिनं बिडी गुडघ्यापाशी धरून ठेवली. ती विझली. फुईनं पाहिलं. ओरडली नाही, आईशी ती त्या दिवसांत मऊच बोलायची. म्हणाली, "झाली का माय? मन भरलं? चला मग." आई उठायला लागली. एक हात जमिनीवर, एक कमरेवर. अर्ध्यात थांबली. तोंड पांढरंफटक.

आणि मी ओरडले. "तिला डोहाळे नाहीत! तिला बिडी नको! तिला फक्त बसायचंय!"

बायकांच्या हातातल्या बिड्या हातातच राहिल्या. आई तशीच अर्धी उठलेली. फुई आईजवळ आली.

"पोरगी काय म्हणून राहिली?"

आई खाली बघत म्हणाली, "खरं म्हणून राहिली, जिजी."

"पहिल्या खेपेलेबी?"

"हो."

फुईच्या मनात काय चाललं असेल ते मी आज समजू शकते. नऊ वर्षं तिनं एक ओझं वाहिलं होतं, माझं प्रत्येक उपद्व्यापी कृत्य आपल्या माथी घेतलं होतं, मला मारायला उचललेला हात खाली घेतला होता. ते सगळं फुकट. ती म्हणाली, "मले सांगितलं कावून नाही? मी काय वाघ आहे?"

आईनं तेव्हा वर पाहिलं. माझी आई मोठ्यांपुढे कधी बोलायची नाही. पण त्या दिवशी बोलली, अगदी हळू. "सांगितलं असतं तर बसू दिलं असतं का, जिजी?"

फुईनं तोंड उघडलं. मला वाटलं आता आवाज विहिरीपर्यंत जाणार. पण ती थांबली. तिनं कापसाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. माझ्या फुईत खोटेपणा नव्हता, हे मी तिच्या बाजूनं सांगते, बाकी कुणी काही म्हणो.

"नसतं दिलं," ती म्हणाली.

मग ती आईशेजारी बांधावर बसली. आईला दंडाला धरून खाली बसवलं. स्वतःच्या हातातली बिडी तिनं ढेकळावर चुरडून टाकली. एका म्हातारीनं काडेपेटी पुढे केली, "जिजी, दुसरी पेटवू?" फुई म्हणाली, "नको. बसा गपचूप." ज्या ओढत नव्हत्या त्या दोघी-तिघी लांब कापसात उभ्या होत्या, त्यांना तिनं हाक मारली. त्या आल्या, पण बसताना इकडे तिकडे बघत बसल्या. उन्हात सगळ्या नुसत्या बसल्या होत्या आणि मी रडत होते, कारण मला वाटत होतं मी सगळं बिघडवून टाकलं.

यानं फुई काही देवी झाली नाही. आठवड्याभरात ती पुन्हा बायकांवर ओरडायला लागली आणि बसणं पुन्हा बिडीवर आलं. स्वतःची बिडी तर तिनं मरेपर्यंत सोडली नाही. खोकून खोकून बेजार व्हायची, मी रागावले की म्हणायची, "मलेबी सासरी बसायसाठीच लागली होती वं, पण आता ती माझी झाली." पण आई मात्र त्या दिवसानंतर बसली. तिच्यासाठी केळीच्या सावलीत पोतं टाकलेलं असायचं. फळीवरची बंडलं फुईनं एकेक करून ओढून संपवली. फेकायला तिचा जीव झाला नाही.

भाऊ झाला तो गुटगुटीत. नर्सबाईनं त्याला उचलून फुईच्या हातात दिला, म्हणाली, "देखो, वजन देखो!" आणि तो निघाला शांत. असा शांत की कुणाला खरं वाटू नये. भूक लागली तर वाट बघायचा. पुढच्या वर्षांत आखाजीला पितरांचं पान वाढलं की समोर मांडी घालून बसायचा, नैवेद्य होईपर्यंत हात मांडीवर. लालबागच्या बायका म्हणायच्या, "पाहा, पुरवल्या डोहाळ्याचं पोर!" फुई म्हणायची, "हो तर. बसण्याचे डोहाळे होते, बसण्याचे पुरवले." सगळ्या हसायच्या.

आई हसायची नाही. तो असा शांत बसलेला असला की ती माझ्याकडे बघायची. मी त्या वेळी कुणाशी तरी भांडत असायची किंवा काहीतरी सांडत असायची. आणि ती मला कधी रागावली नाही. पाटी फोडली, शेजारच्या पोरीचे केस उपटले, मॅट्रिकच्या पेपरात रागानं उत्तरपत्रिका फाडून आले, तरी नाही. मला वाटायचं, मी लाडकी आहे. फार उशिरा कळलं की लाड नव्हता तो. नर्सबाईचे शब्द तिनं मनात जपून ठेवले होते, आणि माझा स्वभावही त्या धुरानंच बिघडला असं ती धरून बसली होती. मला सांगावंसं वाटायचं, अगं, एक धपाटा घाल ना! त्यानं माझं काही तरी भलं झालं असतं.

आता डॉक्टर सर्रास सांगतात की पोटुशीनं धूर घेऊ नये, पोराच्या वजनाला आणि पुढे स्वभावालाही ते बाधू शकतं. सांगतात ते बरोबर आहे. मी माझ्या सुनेला आणि नातीलाही दटावून सांगितलं. पण एका पोराकडे बोट दाखवून कुणी म्हणू शकत नाही की हे बिडीचं, आणि हे आईबापाकडून आलेलं, आणि हे असंच. माझे एक मामा माझ्याहून भडक होते आणि त्यांच्या आईनं बिडीला कधी हात लावला नव्हता. हे सगळं मला ठाऊक आहे. आईनं विचारलं तेव्हाही ठाऊक होतं.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडे राजपुऱ्यात होती. एका सकाळी दूधवाल्याशी माझं वाजलं. दुधात पाणी होतं, हे खरंच होतं, पण मी जे बोलले ते पाण्यापुरतं नव्हतं. तो भांडं ठेवून निघून गेला. मी धापा टाकत आत आले. आई खाटेवर बसलेली. सगळं ऐकलेलं. तिनं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. हे माझ्यामुळे का वं?"

कशाबद्दल, ते तिला सांगावं लागलं नाही.

मला लगेच 'नाही' म्हणायचं होतं. पण त्या क्षणी मनात आलं की हिला थातुरमातुर उत्तर द्यायचं नाही. नीट सांगायचं. डॉक्टर काय म्हणतात ते, मामांचं, शेताचं, फुईचं, तिच्या कमरेचं, सगळं. काय आधी सांगावं, काय मागून, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायच्या आधी थांबले.

आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला ती चांगली ओळखत होती. मी थांबते तेव्हा काय समजायचं, याची तिला सवयच नव्हती, म्हणून तिनं समजायचं ते समजून घेतलं. "हं," म्हणाली आणि माझा हात थोपटून सोडून दिला.

त्यानंतर मी पुष्कळ बोलले. ती पडून ऐकत होती आणि मध्ये मध्ये मान हलवत होती, जसं मूल समजूत घालायला लागलं की आपण हलवतो.